दुखणारे पाऊल खोटे बोलत नाही

पहाटे साडेपाचच्या सुमारास बुऱ्हाणपुरातून इच्छापूरच्या दिशेने फिरावयास निघालेल्या माणसाला अलीकडे एक दृश्य हमखास दिसते. पंधरा-वीस मुले, आणि आता त्यांच्यामागून चार-पाच मुलीही, डांबरी रस्त्याच्या कडेने धापा टाकीत आपल्याला मागे टाकून जातात. कोणाला अग्निवीर व्हायचे असते, कोणाला पोलिसात जायचे असते, कोणाला वनरक्षक. सीमा ओलांडून रावेर-मुक्ताईनगरकडे गेलात तरी हेच चित्र. यंत्रमागाच्या खडखडाटात आणि केळीच्या बागांत वाढलेली ही मुले आहेत. ज्या घरात महिन्याचा बांधील पगार कधी आलाच नाही, त्या घरातला मुलगा धावतो तेव्हा ती क्रीडा नसते. साऱ्या घराची आशा त्याच्या दोन पावलांवर धावत असते.

अशाच एका मुलाची ही हकीकत आहे, आणि ती सांगताना मला थोडी शरम वाटते हे आरंभीच कबूल करतो.

मुलगा आमच्याच शाळेचा, बारावीतला. वडील यंत्रमागावर कामाला. भरतीची तारीख जाहीर झाली तेव्हा हातात जेमतेम दोन महिने होते. तोवर हा मुलगा दिवसाआड दोन-अडीच किलोमीटर धावत असे. तारीख कळताच त्याने रोज धावण्यास सुरुवात केली, आणि तीन आठवड्यांत पल्ला दहा किलोमीटरवर नेला. सर्व डांबरी रस्त्यावर, आणि बूट चुलतभावाचे जुने. चौथ्या आठवड्यात तो लंगडू लागला. प्रार्थनेच्या वेळी एका पायावर भार देऊन उभा राहिलेला मला दिसला. विचारले तर म्हणाला, "सर, पावलावर वरच्या बाजूला दुखतं." मी हसून म्हणालो, "अरे, एवढ्या तेवढ्याने शिपाई हार मानू लागला तर सीमा कोण सांभाळणार?" आजूबाजूची मुले हसली. तोही हसला.

पुढच्या आठवड्यात वडिलांनी क्ष-किरण फोटो काढविला. फोटोत काही निघाले नाही. तो कागद घेऊन वडील माझ्याकडे आले तेव्हा मी शिक्षकी आत्मविश्वासाने सांगितले, "हाड शाबूत आहे. मनातली भीती आहे. पळू द्या." मुलाने वेदनाशामक गोळ्या घेऊन धावणे चालू ठेविले. बारा दिवसांनी शाळेच्या मैदानावर तो मध्येच खाली बसला आणि त्याला पाऊल टेकविता येईना. दुसऱ्या फोटोत, पहिल्यात जिथे काहीच नव्हते त्याच जागी, पावलातल्या दुसऱ्या लांब हाडाभोवती कापसासारखे धूसर आवरण दिसत होते. डॉक्टरांनी सांगितले की हाडाला केव्हाच चीर पडली होती. हे आवरण म्हणजे ती सांधण्याची शरीराची धडपड. भरती हुकली. वडील फक्त एवढेच म्हणाले, "सर, पोरगं खोटं बोलत नव्हतं."

त्या वाक्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचले, जाणकार डॉक्टरांना विचारले. त्यातून हाती आलेले आज वाचकांपुढे ठेवीत आहे. आपल्या घरात कोणी भरतीची तयारी करीत असेल, कोणी हौसेने मॅरेथॉन धावू लागले असेल, किंवा कोणी आजी पंढरीची वाट चालणार असेल, तर हे चार शब्द उपयोगी पडावेत.

न पडता, न ठेचाळता मोडलेले हाड

हाड मोडणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अपघात येतो. झाडावरून पडणे, मोटारसायकल घसरणे, आणि कडकन् आवाज. परंतु हाड दुसऱ्याही रीतीने मोडते. लोखंडाची तार एका झटक्यात तुटत नाही. ती पुनःपुन्हा त्याच जागी वाकवीत राहिले की मात्र तुटते. पावलाच्या हाडाचेही तसेच. एकेक आघात सोसण्याजोगा. पण हजारो आघातांची बेरीज सोसण्यापलीकडची. वैद्यकात याला 'स्ट्रेस फ्रॅक्चर' म्हणतात. आपण 'ताणाने पडलेली चीर' म्हणू. जसप्रीत बुमराह याला २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये पाठीच्या अशाच दुखण्याने क्रिकेटपासून दूर राहावे लागले, त्यामुळे हा शब्द आता घरोघरी ऐकून माहीत आहे. गोलंदाजाची ती पाठीत पडते, धावणाऱ्याची नडगीत किंवा पावलात.

या दुखण्याचा इतिहासही मोठा बोधप्रद आहे. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टराने नोंद केली की लांबच्या कूचानंतर सैनिकांची पावले सुजतात व दुखतात. कारण त्याला उमगले नाही. सूज स्नायुबंधांभोवतीच्या आवरणाची असावी असे त्याला वाटले. पुढे १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले, आणि त्यानंतर दोनच वर्षांत, १८९७ मध्ये, त्या सुजलेल्या पावलांत चक्क मोडलेली हाडे दिसली. 'मार्च फ्रॅक्चर' हे नाव तेव्हापासून रूढ आहे. म्हणजे चाळीसएक वर्षे सैनिक दुखते म्हणून सांगत होते आणि दाखविण्यासारखे काही कोणाच्या हाती नव्हते. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तीच चूक दोन आठवड्यांत घडली, इतकाच फरक.

नाव मार्चचे आहे हेही ध्यानात ठेवावे. चीर पडण्यासाठी धावलेच पाहिजे असे नाही. वनरक्षकाच्या भरतीत पुरुष उमेदवारांना चार तासांत सुमारे पंचवीस किलोमीटर चालावे लागते. त्याची तयारी ऐन वेळी करणाऱ्याला नुसत्या चालण्यानेही हे दुखणे गाठू शकते.

दम वाढतो, हाड मागे राहते

असे का व्हावे? हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. ते जिवंत आहे, त्यात रक्त खेळते, आणि त्याची सतत डागडुजी चालू असते. एका प्रकारच्या पेशी झिजलेला भाग खोदून काढतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवे हाड भरतात. मात्र या दोघांचा वेग सारखा नाही. खोदण्याचे काम काही आठवड्यांत उरकते. भरण्याच्या कामाला महिने लागतात. एक संपूर्ण फेरा पुरा व्हायला साधारण तीन-चार महिने जातात. जुन्या घराची भिंत दुरुस्त करताना गवंडी आधी सैल विटा काढतो. त्या वेळी भिंत पूर्वीपेक्षा कच्ची असते. नेमक्या त्याच वेळी तिच्यावर नवा मजला चढविला तर काय होईल? एकाएकी धावणे वाढविणाऱ्या मुलाच्या हाडाचे हेच होते. म्हणून चीर बहुधा पहिल्या दिवशी पडत नाही. मेहनत वाढविल्यानंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या आसपास पडते, म्हणजे मुलगा जेव्हा 'आता जमायला लागले' असे म्हणत असतो तेव्हा.

यातच सगळी फसगत आहे. धावू लागले की छातीचा दम दोन-तीन आठवड्यांत सुधारतो. पोटऱ्या-मांड्याही लवकर सरावतात. हाड मात्र सावकाश घट्ट होते. दम म्हणतो 'चल', हाड म्हणते 'थांब'. आणि दमाचा आवाज मोठा असल्यामुळे आपण त्याचेच ऐकतो.

थोडा हिशेब करून पाहावा. एक किलोमीटर धावताना साधारणतः नऊशे ते हजार पावले पडतात. धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीवर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. पन्नास किलो वजनाचा मुलगा दहा किलोमीटर धावला तर एकेका पावलावर साडेचार-पाच हजार वेळा शंभर-दीडशे किलोंचा भार पडला. तोच मुलगा दोन किलोमीटर धावत होता तेव्हा ही संख्या हजाराच्या आत होती. अति तेथे माती, ही म्हण हाडाला अक्षरशः लागू पडते.

पावलात एकंदर २६ हाडे. त्यांपैकी बोटांच्या मागे असलेली पाच लांब हाडे, डॉक्टरी भाषेत मेटाटार्सल, हा भार पुढे ढकलतात. अंगठ्याकडून मोजले असता दुसरे आणि तिसरे यांना चीर पडण्याचे प्रमाण अधिक. ही हाडे बारीक आहेत, आणि दुसरे तर मागच्या टोकाला शेजारच्या हाडांत पाचरीसारखे घट्ट अडकलेले असते, त्याला हलून भार चुकविता येत नाही. टाचेच्या हाडालाही अशी चीर पडते.

ओळखावे कसे?

धावणाऱ्याचे पाय दुखणारच. मग कोणत्या दुखण्याला भ्यावे? काही खुणा सांगतो.

स्नायूंचे साधे दुखणे पसरट असते. 'कुठे दुखते?' असे विचारले तर मुलगा सबंध तळहात फिरवितो. अंग तापले की ते मोकळे होते आणि दोन दिवसांत निवळते. चिरेचे दुखणे एका बोटाने दाखविता येते. पावलाच्या वरच्या बाजूस बोटाने हलके दाबीत गेले असता एका ठिकाणी मुलगा दचकतो, आणि दुसऱ्या पावलावर त्याच जागी दाबले तर काही वाटत नाही. त्या जागी थोडी सूज असते. काळेनिळे सहसा होत नाही, म्हणून घरच्यांना ते गंभीर वाटत नाही.

दुसरी खूण दुखण्याच्या चालीची. आरंभी ते धावण्याच्या शेवटी दुखते आणि विश्रांतीने थांबते. पुढच्या आठवड्यात मध्यावर दुखू लागते, मग सुरुवातीपासूनच, मग चालतानाही, आणि अखेर रात्री अंथरुणातही ठणकते. दुखणे रोज असे एकेक पायरी पुढे सरकत असेल तर तो सरळ इशारा समजावा. सकाळी उठल्यावर पहिली चार पावले टाचेखाली टोचते आणि चालल्यावर कमी होते, ते दुखणे बहुधा तळव्याच्या पट्ट्याचे असते, हाडाचे नव्हे. मात्र टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली असता कळ येत असेल तर टाचेच्या हाडाची शंका घ्यावी.

तिसरी खूण प्रश्नांत आहे. गेल्या महिना-दीड महिन्यात काय बदलले? पल्ला वाढला का, वेग वाढला का, मातीवरून डांबरावर आलात का, बूट बदलले का, की सवय नसता एकाएकी अनवाणी धावू लागलात? बहुतेक वेळा उत्तर यांपैकी एकात सापडते.

आणि आता ज्या गोष्टीने मला फसविले ती. चीर पडल्यानंतर पहिले दोन-तीन आठवडे साध्या क्ष-किरण फोटोत ती दिसेलच असे नाही; पुष्कळदा दिसत नाही. नवे हाड धरू लागले म्हणजे मग फोटोत खूण उमटते. दिसते तसे नसते म्हणून जग फसते. इथे तर नाही दिसले म्हणून मी फसलो. म्हणून फोटो निर्दोष आला तरी बोटाखाली जागा दुखत असेल तर धावणे बंदच ठेवावे, आणि दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा फोटो काढावा. एम.आर.आय. तपासणीत चीर फार लवकर कळते. ती खर्चाची असते, म्हणून प्रत्येकाला नको. परंतु दोन जागा अशा आहेत की जिथे खर्चाकडे पाहू नये, इंदूर किंवा जळगाव गाठावे लागले तरी गाठावे. एक, पावलाच्या कमानीच्या माथ्यावर, घोट्याच्या थोडे पुढे असलेले होडीच्या आकाराचे हाड, ज्याला नॅव्हिक्युलर म्हणतात. दुसरी, पावलाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळीच्या लांब हाडाच्या मुळाशी. या ठिकाणी रक्ताचा पुरवठा तुटपुंजा असल्यामुळे चीर सांधता सांधत नाही, आणि हयगय झाली तर शस्त्रक्रियेपर्यंत पाळी येते.

भरून येण्याचे वेळापत्रक

दुसऱ्या-तिसऱ्या लांब हाडाची साधी चीर बहुधा सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. औषध एकच: त्या हाडावरचा आघात थांबविणे. धावणे, उड्या, दोरीवरच्या उड्या, फुटबॉल, सर्व बंद. चालताना दुखत असेल तर डॉक्टर ताठ तळाचा बूट देतात, क्वचित कुबड्या. सहसा प्लास्टर लागत नाही. नॅव्हिक्युलरचे मात्र वेगळे. तिथे सहा-आठ आठवडे पाऊल टेकवावयाचेच नाही, असा कडक दंडक असतो.

आपल्याकडच्या तीन सवयी येथे घातक ठरतात. पहिली, दुखऱ्या जागेला तेल लावून रगडणे. मालीश स्नायूला सुखावते. चिरलेल्या हाडाला ती नको. दुसरी, हाडवैद्याकडे जाऊन 'सरकलेले' हाड बसविणे. येथे काही सरकलेलेच नसते, मग बसवायचे काय? तिसरी आणि सर्वांत वाईट, गोळी घेऊन धावणे. वेदना ही शरीराने ठेविलेली पहारेकरीण आहे. तिला गुंगी देऊन घर सुरक्षित होत नाही. विश्रांतीच्या काळात ठणका असह्य झाला तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. परंतु गोळीच्या आधारावर मैदानावर पाऊल ठेवू नये.

या सहा-आठ आठवड्यांत मुलाने खाटेवर पडून राहावे असे मात्र नाही. चालणे वेदनारहित झाले की डॉक्टरांच्या संमतीने सायकल, सुरक्षित ठिकाणी पोहणे, दंड, पोटाचे व्यायाम चालू शकतात. त्याने दम टिकतो आणि मनही टिकते. मनाची गोष्ट मी मुद्दाम लिहितो. आमच्या विद्यार्थ्याला पायापेक्षा जास्त त्रास सोबती पहाटे दारावरून धावत जात त्याचा झाला.

परत धावावे कधी? दिनदर्शिका पाहून नव्हे, पाऊल पाहून. दुखरी जागा दाबली असता दुखू नये. अर्धा तास भरभर चालून, त्या दिवशी व दुसऱ्या सकाळी, काही जाणवू नये. आणि असे सतत आठ-दहा दिवस जावेत. मग दिवसाआड मातीच्या मैदानावर प्रारंभ करावा: एक मिनिट हलके धावणे, चार मिनिटे चालणे, असे पाच-सहा फेरे. हळूहळू धावण्याचे मिनिट वाढवावे, चालण्याचे कमी करावे. आधी अंतर वाढवावे, वेग त्यानंतर. दोन्ही एकाच आठवड्यात नाही. तीन आठवडे वाढविल्यावर एक आठवडा हलका ठेवावा. जुन्या जागी कळ आली तर थांबावे, दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी आणि मागच्या पायरीवरून पुन्हा चढावे. कळ गेली नाही तर डॉक्टरांकडे जावे. आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ नको, असा एक नियम धावणाऱ्यांत प्रचलित आहे. शास्त्राने तो आकडा पक्का सिद्ध केलेला नाही. परंतु घिसाडघाईला लगाम म्हणून तो वाईट नाही.

हाड घडते ते घरात

चीर मैदानावर पडते, पण हाड घरात घडते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. वाढत्या वयातही जवळपास तितकेच. आपल्या भागातील ताटाचा हिशेब काढला तर ज्वारीच्या भाकरीत ते फार थोडे. आपले केळे धावणाऱ्याला तत्काळ शक्ती देते, परंतु १०० ग्रॅम केळ्यात कॅल्शियम दहा मिलिग्रॅमही नसते. नाचणीत मात्र १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम, आणि तिळात हजाराच्या वर. दूध १०० मिलिलिटरला साधारण १२० देते. तेव्हा आठवड्यातून तीन-चार दिवस नाचणीची भाकरी, भाजीत किंवा चटणीत तिळाचे कूट आणि रोज ताक-दही, एवढ्यानेही पुष्कळ काम होईल. पोट भरेल इतके जेवण मुलाला मिळते की नाही, हा प्रश्न याहूनही आधीचा. उपाशीपोटी दहा किलोमीटर धावणारे शरीर डागडुजीचा खर्च प्रथम हाडावरून कापते.

कॅल्शियम अंगी लागण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व लागते आणि ते उन्हाने बनते. निमाडात उन्हाला तोटा नाही, तरी पहाटे अंधारात धावून दिवसभर छपराखाली बसणाऱ्याच्या वाट्याला ते कितीसे येणार? कमतरता असेल तर डॉक्टर आठवड्याला घेण्याची साठ हजार युनिटांची पुडी देतात. ती शेजाऱ्याला दिली म्हणून आपण घेऊ नये, आणि सांगितल्यापेक्षा अधिक आठवडे तर मुळीच नको. अतिरेकाने अपायच होतो.

मुलींच्या मातांना एक गोष्ट संकोच सोडून सांगितली पाहिजे. जी मुलगी फार धावते आणि कमी जेवते, तिची मासिक पाळी लांबू किंवा थांबू लागते. 'स्पर्धेच्या काळात बरेच झाले' असे समजून कोणी ते सोडून देऊ नये. पाळी थांबणे म्हणजे हाडाचे रक्षण करणारे अंतःस्राव घटल्याची खूण. अशा मुलींना चीर पडण्याचा धोका कितीतरी वाढतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेकडे जगाचे लक्ष वेधले, आणि ती मुलांतही आढळते असे नमूद केले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीपर्यंत पोहोचली. आपल्या मुलींनी तिच्याकडे पाहून जरूर धावावे. परंतु धावणाऱ्या मुलीच्या ताटात भावाएवढेच वाढले पाहिजे, हे पाहणाऱ्या मोठ्यांनीही समजून घ्यावे.

वयस्कांसाठीही दोन शब्द. मुक्ताईनगरहून आदिशक्ती मुक्ताबाईंची पालखी महिनाभराची वाट चालून पंढरपुरास जाते. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांची हाडे पाळी गेल्यानंतर विरळ होऊ लागतात. त्यांनी वारीआधी दोन-तीन महिने रोजचे चालणे थोडे थोडे वाढवीत न्यावे, ज्येष्ठात एकदम नव्हे. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांचे पाऊल सुजून गरम झाले तर, ते दुखत नसले तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहात नसा बधिर झालेल्या असतात. तेथे पहारेकरीणच झोपलेली असते.

चौगुले आणि साबळे

कोणी म्हणेल, पूर्वीचे लोक अनवाणी धावत, त्यांना कुठे चिरा पडत होत्या? प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत खेड्यांतील मुले अनवाणी धावतात आणि तरीही युरोपच्या धावपटूंच्या जवळपास वेळ नोंदवितात, हे पाहून सर दोराबजी टाटांना नवल वाटले. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचे पथक गेले. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले त्या मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. आपल्या काळात बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज सहा किलोमीटरची वाट तुडवीत मोठा झाला, सैन्यात गेला, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्यपदक घेऊन आला. अशांच्या हाडांत बालपणापासूनची वर्षे मुरलेली असतात. सैनिकांच्या अभ्यासांतही असेच आढळले आहे की, भरतीपूर्वी काही वर्षे चेंडूचे धावपळीचे खेळ खेळलेल्या तरुणांना अशा चिरा कमी पडतात. आमची मुले मात्र दहावीपर्यंत रिक्षाने शाळेत येतात आणि सतराव्या वर्षी दोन महिन्यांत चौगुले होऊ पाहतात. दोष त्यांचा नाही. खेळाचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या आम्हा शाळावाल्यांचाही त्यात वाटा आहे.

आणि जो एवढा तयार, त्यालाही थांबावे लागते. २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत साबळे पडला, गुडघ्याचा अस्थिबंध दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. थांबणे म्हणजे हरणे नव्हे, हे मुलांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगता येते. 'मोडेन पण वाकणार नाही' हा बाणा माणसाच्या स्वभावाला शोभतो. हाडाच्या बाबतीत तो खरा करून दाखविण्यात काही पुरुषार्थ नाही.

आमच्या विद्यार्थ्याचे पाऊल नवव्या आठवड्यात निर्वेध झाले. पहिल्या दिवशी तो शाळेच्या मैदानावर एक मिनिट धावला आणि चार मिनिटे चालला, तेव्हा मी घड्याळ घेऊन कडेला उभा होतो. त्या आधी त्याला कार्यालयात बोलावून, "चूक माझी झाली," एवढे सांगितले होते. तो गोंधळला, मुख्याध्यापक असे काही बोलतात याची मुलांना सवय नसते. पुढच्या भरतीपर्यंत त्याचे वय बसते. निवड होईल की नाही हे मी सांगू शकत नाही; बरोबरीला हजारो आहेत. परंतु आता खेळाचा तास आमच्या वेळापत्रकात खेळाचाच राहिला आहे, आणि धावणाऱ्या मुलांना दर सोमवारी मी एकच प्रश्न विचारतो: "कुठे दुखतं का रे? बोटाने दाखव."

सोमवारी सगळी मुले हसतात. एखादा मात्र खाली वाकून बोट ठेवतो. त्याला आम्ही बसवितो.